बहिऱ्यापाशी ऐकू आलं

त्या सकाळी दरीत धबधबे पाच होते, पूल एक, चहाची टपरी एक आणि माणसं दहा. त्यांतली सात फिरायला आलेली. उरलेली तीन घरचीच: वाट दाखवणारे भाऊजी, पुलाजवळची टपरी सांभाळणारी ताई, आणि भूशास्त्राची पदवी घेऊन नोकरी लागेपर्यंत ताईकडे राहायला आलेली तिची बहीण. तिला घरातले सगळे धाकटी म्हणत. मोजण्यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते हे, की वरच्या डोंगरात आठवडाभर पाऊस कोसळत असताना नदी त्या सकाळी निम्मी झाली होती.

भाऊजींचं काम एका रेघेवर चाले. पुलाखालच्या खडकावर त्यांच्या वडिलांनी तांबड्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. पाणी रेघेच्या वर असलं की कुणीही दरीत पाऊल टाकायचं नाही, खाली असलं की खुशाल जायचं. आठवडाभर रेघ पाण्यात बुडालेली होती आणि भाऊजी घरात येरझाऱ्या घालत होते. आज ती चांगली दोन वीत उघडी होती.

"बघ मास्तरीण," ते धाकटीला म्हणाले, "नदीनं मनावर घेतलंय आज."

"पण वर पाऊस चालूच आहे, भाऊजी. मग पाणी गेलं कुठे?"

"समुद्रात. तुम्हाला कॉलेजात शिकवलं नाही वाटतं हे?"

सातही जण हसले. ताईनं टपरीतून हात हलवला आणि मंडळी झाडीत शिरली.

वाट नदीला धरून वर जायची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उभा कडा, आणि डोक्यावर झाडांचं इतकं दाट छप्पर, की आभाळ फक्त धबधब्यापाशीच दिसे. पहिला धबधबा ओढणीएवढा उरला होता. दुसऱ्याच्या पाठीमागे एक कपार होती, पाण्याआड दडलेली. भाऊजींनीही ती आजवर नुसती ऐकलेली. आज लोक सरळ तिच्यात जाऊन उभे राहिले आणि फोटो काढून घेतले. भाऊजींची छाती फुगली, जणू कपार त्यांनीच खोदून ठेवली होती.

तिसऱ्यापाशी एक निवृत्त दातांचे डॉक्टर कमरेवर हात ठेवून खडकांकडे बघत राहिले. शेवाळाची हिरवी किनार संपून खाली फिकट, ओला दगड उघडा पडला होता. नेहमी पाण्यात असणारा.

"हिरड्या मागे सरल्यात," डॉक्टर म्हणाले. "मुळं दिसायला लागलीत. असं तोंड समोर आलं की आम्ही पेशंटला बातमी हळूहळू द्यायचो."

"आणि बिल एकदम," त्यांची बायको म्हणाली.

सगळे हसत पुढे निघाले. धाकटी वाकून ती फिकट कड बोटानं चाचपत राहिली. दगड वाळलेला नव्हता.

चौथ्या धबधब्याचं नाव बहिरा. तो इतका गर्जायचा, की तिथे माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. पोचायच्या आधीच छातीत त्याची धडधड सुरू व्हायची, असं ताईनं धाकटीला सांगितलं होतं. आज ते सगळे त्याच्या पायथ्याशी जाऊन बसले, बिस्किटांचे पुडे फोडले, आणि डॉक्टरांची बायको नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." ते सगळ्यांना ऐकू आलं. पुड्याचा कागद चुरगळला तोही ऐकू आला.

धाकटीनं एक काटकी घेतली आणि पाण्याच्या अगदी काठाला, वाळूत रोवली. बिस्किटं संपेपर्यंत पाणी काटकीपासून चार बोटं दूर गेलं होतं. ती भाऊजींना हाताला धरून घेऊन आली.

"उतरतंय," काटकी बघून भाऊजी म्हणाले. "बरंच की मग."

"बरं नाहीये. पाऊस आहे आणि पाणी उतरतंय. म्हणजे वर कुठेतरी दरड कोसळून नदी अडलीय. मागे तळं साठत असणार. तो बांध नुसत्या मातीचा, भाऊजी. तो टिकत नसतो."

"हे बघ, ही नदी फुगली की जिवावर उठते आणि उतरली की काही करत नाही. लहानपणापासून बघतोय मी. तू आलीस परवा."

"मी नदीबद्दल बोलतच नाहीये. मी जे पाणी आलं नाही त्याबद्दल बोलतेय."

भाऊजी उत्तर द्यायला वळले आणि थबकले. बाजूच्या खडकाच्या खळग्यात काहीतरी तडफडत होतं. ते उकिडवे बसले. खळग्यात बोटभरही पाणी नव्हतं आणि सात-आठ मासे एकमेकांवर पडून तोंडं उघडत मिटत होते. नदी नेहमीसारखी उतरते तेव्हा मासे तिच्याबरोबर उतरतात. ह्यांना निघायला वेळच मिळाला नव्हता.

भाऊजींनी एक मासा उचलला, कल्ल्याखाली बोट लावून बघितलं आणि खाली ठेवला. हात विजारीला पुसले. त्यांचा चेहरा एकदम वडीलधारा झाला.

"मंडळी, पिशव्या उचला. फोटो नाही, गप्पा नाही. आपण पलीकडे जातोय."

अलीकडे कडा होता. पलीकडून मात्र लाकूडतोड्यांची जुनी वाट उतारावरून वर चढत होती, आणि ती शोधून काढणं एकट्या भाऊजींनाच जमण्यासारखं होतं. तिच्यासाठी आधी नदीच्या पात्रातून जायला हवं होतं. त्यांनी लोकांना रांगेत उभं केलं. मग धाकटीकडे बघितलं.

"यांना टाकून मला जाता येत नाही," ते म्हणाले. "फोन तर इथे लागतच नाही."

टपरी नदीच्या काठाला होती. आणि टपरीत ताई होती. धाकटी धावत सुटली.

धावताना तिला आपले बूट ऐकू येत होते, श्वास ऐकू येत होता, आणि नदी ऐकू येत नव्हती. तिसरा धबधबा दोरीएवढा झाला होता. दुसरा नुसता ठिबकत होता. कपारीत कुणाचा तरी चष्मा राहिला होता.

ताई टपरीत नव्हती. ती पात्राच्या मधोमध, कधी कुणाचा पाय न लागलेल्या दगडांवर बसून मोठं पातेलं घासत होती.

"ये ये," ती म्हणाली. "इतकी छान जागा पहिल्यांदाच मिळालीय. भूत मागे लागलं की काय?"

"ताई, वर चल. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पातेलं—"

"राहू दे ते."

"यांना काही झालं का?"

"नाही. ते वर आहेत, आपण खाली आहोत."

ताईनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पातेलं तिथेच सोडलं.

टपरीमागून पायवाट नागमोडी रस्त्याकडे चढत होती. ताईचे गुडघे आधीच कुरकुरणारे. अर्ध्यावर एका वळणाशी एक सपाट दगड होता. ताई त्यावर बसली ती बसलीच.

"इथवर पुरे. आता ओढलंस तर मीच तुला ढकलून देईन."

धाकटीनं खाली बघितलं. दरीची रुंदी तिनं डोळ्यांनी मापली, आठवड्याचा पाऊस धरला, वरच्या अरुंद खिंडीत तळं केवढं मावेल याचा हिशेब केला. कितीही ताणलं तरी पाणी या दगडापर्यंतच्या निम्म्या चढावरच थांबत होतं. तिनं हिशेब पुन्हा केला. तोच आला. मग तीही ताईशेजारी टेकली.

खाली पातेलं चकाकत होतं. त्याच्या आजूबाजूला पाणी उरलं नव्हतं. एकही पाखरू बोलत नव्हतं.

"यांचं लाल जाकीट दिसायला हवं ना पलीकडे?" ताई म्हणाली. "ही मेली झाडं मध्ये येतात."

"पोचतील ते. बस जरा."

"तू बस. इतका वेळ लागायला हा माणूस काय तिथे भाषण देतोय? मी वरून बघते." ती गुडघ्यांवर हात रेटत उठली. तिला एकटीला चढू देणं बरं दिसलं नसतं, म्हणून धाकटीही मागून निघाली.

त्या दोन वळणं चढल्या असतील. ताईनं बोट दाखवलं. समोरच्या उतारावर, झाडांच्या फटीत, लाल ठिपका आणि त्याच्यामागे माणसांची रांग. धाकटीनं मोजलं. आठ. सगळे.

तेवढ्यात वारा आला. खालून वर, गार, ओल्या मातीचा आणि फुटलेल्या लाकडाचा वास घेऊन. पाठोपाठ पायाखालची जमीन थरथरली. दरीच्या वळणावरची झाडं एकेक करून नाही, रांगच्या रांग आडवी झाली. जे आलं ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. तपकिरी होतं, उभं होतं, त्यात अख्खी खोडं वरखाली होत होती. पूल कधी गेला ते दोघींनाही कळलं नाही. टपरीचं छप्पर क्षणभर दिसलं, मग त्या जागी काहीच नव्हतं. ताईनं धाकटीचं मनगट धरलं होतं. ते काळंनिळं पडेपर्यंत तिनं सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर धाकटी टेप घेऊन त्या पायवाटेनं उतरली. वरच्या बाजूला भाऊजींनी टेपचं दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला, पुरानं सोडलेल्या चिखलाच्या रेघेवर धरलं. तिनं आपलं टोक सपाट दगडाच्या पातळीला टेकवलं, फीत ताणली आणि आकडा वाचला.

रेघ दगडाच्या दोन मीटर दहा सेंटीमीटर वर होती.