अस्वलाच्या मानेतला दोरा

आक्काने अस्वलाच्या पोशाखाची मान उलटी केली, आतल्या शिवणीतला लाल दोरा नखाने उचलला आणि कात्री लावता लावता थांबली.

"सगळ्यांच्याच खुणा काढायच्या?"

"सगळ्यांच्या," मनोरंजन पार्कचा मुकादम म्हणाला. एरवी आल्या आल्या स्टूल ओढून चहाची वाट बघणारा माणूस आज दारातच उभा होता. "आणि मापाप्रमाणे गठ्ठे बांधा. लहान वेगळे, मोठे वेगळे."

"का हो, अस्वलाचं लग्न ठरलंय की काय?"

मुकादम हसला नाही. "वरून आलंय, आक्का. मला काही विचारू नका," एवढं म्हणाला आणि सकाळच्या उन्हात पाठ फिरवून चालता झाला.

लाल दोऱ्याचे दोन टाके ही आक्काच्या लाँड्रीची खूण. कपडा पहिल्यांदा आला की ती घालायची, आणि गिऱ्हाईक कायमचं सुटलं तरच उसवायची. बावीस वर्षांत पार्कच्या एकाही कपड्याची खूण उसवली नव्हती. अस्वलं, पऱ्यांचे झगे, पाळणा फिरवणाऱ्यांचे गणवेश, सगळ्या पार्कचा घाम याच घरात धुतला जायचा. दुसरं गिऱ्हाईक आक्काने कधी धरलं नाही. गरजच काय, म्हणायची.

आणि याच कपड्यांच्या जोरावर तिने महिनाभर गल्ली डोक्यावर घेतली होती.

मागच्या आळीतली घरं एकामागून एक विकली जात होती. घेणारा कोण, कुणाला पत्ता नाही. कागदावर दर वेळी नवं नाव, येणारा माणूस मात्र तोच, पांढऱ्या टोपीचा, तोंडात साखर ठेवून बोलणारा. न्हावी म्हणे, पार्क वाढतोय, बर्फाचा डोंगर होणार. टायरवाला म्हणे, हॉटेल होणार, तेही पाण्याखाली. अशात पार्कमधून आक्काकडे कपड्यांचा डोंगर आला. दहा वर्षं उजेड न पाहिलेले, कोठीत कुबट झालेलेसुद्धा. आक्काने कमरेवर हात ठेवून निकाल दिला.

"पाहुणे यायचे असल्याशिवाय कोण अख्खा पेटारा उपसतं? पार्क वाढतोय. आणि वाढणार तो माझ्या अंगणातूनच!"

टोपीवाल्याला आक्काचं घर आणि भिंतीला भिंत लागून असलेलं तिच्या धाकट्या जावेचं घर, अशी दोन्ही हवी होती. मोठ्या रस्त्याला लागून तेवढी दोनच. दोघींच्या सह्या एकदम, नाहीतर एकही नको. धाकटी तयार होती. नवरा गेल्यापासून एकटी, गुडघे कामातून गेलेले. लेकीच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच तिच्या मनात. पेन हातात धरून बसली होती बिचारी. आक्काने ते पेन काढून घेतलं आणि टोपीवाल्याच्या खिशाला परत लावलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? जन्मभर भाजीवाला सांगेल तो भाव देत आलीस. येईल परत, दुप्पट घेऊन. माझ्या शब्दावर थांब."

चार बायका हसल्या होत्या. धाकटी थांबली होती.

साडेचारपर्यंत आक्काच्या मांडीवर लाल दोऱ्यांचा पुंजका झाला. अस्वल तिने शेवटी ठेवलं होतं. मापाप्रमाणे गठ्ठे विकायच्या मालाचे बांधतात, वाढणाऱ्या पार्कचे नाही. सकाळपासून ती कुणावर ओरडली नव्हती, म्हणून सून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आत आली.

"आई, टोपीवाल्याची गाडी कोपऱ्यावर उभी आहे. पाचपर्यंत थांबतोय. नाहीतर आत जायचा रस्ता पलीकडून काढणार, मग आपल्या घरांची गरज नाही म्हणे."

"धाकटीला बोलाव."

"तुम्ही बोलावलंय म्हणून सांगू?"

"नाहीतर काय, वाजंत्री पाठवतेस?"

सून गेली. आक्काने दोरे मुठीत गोळा केले. धाकटी बारा वर्षं याच टेबलाशी खुणा घालत उभी राहिलेली. हे दोरे नुसते तिच्यापुढे धरले असते तरी बोलायची गरज पडली नसती. आक्का मूठ उघडून बघत राहिली. दारात पावलं वाजली तसे तिने दोरे टेबलावर टाकले आणि वर ओला टॉवेल ओढला.

"बोल आक्का," गुडघा दाबत धाकटी स्टुलावर टेकली.

"सही करून टाकू आपण. आत्ता."

"कुणी? तू?"

"दोघींनी. तुझे गुडघे असे, लेक तिकडे. किती दिवस एकटीने काढशील?"

"माझे गुडघे तुला आज दिसले होय? महिन्यापूर्वी मी हेच म्हणत होते, तर चार बायकांत माझी अक्कल काढलीस."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? सांग की."

आक्काने पदराने गळा पुसला. तुझं चुकलं, त्याचं चुकलं, सुनेचं तर रोज उठून चुकलं. हा शब्द तिने दुसऱ्यांना दोन्ही हातांनी वाटला होता. स्वतःसाठी तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडून बसला.

"सगळं फोड करून सांगायला हवं का? मोठी आहे मी. सांगते ते कर."

धाकटीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"आलं ध्यानात. मुकादम येऊन गेला ना सकाळी? पाहिलं मी. आतली बातमी लागलीय तुला, आणि टोपीवाल्याशी स्वतःचा भाव वेगळा ठरवून बसलीयस." तिने आवाज खाली आणला. "सासूबाईंच्या बांगड्या वाटतानाही असंच केलंस. 'घे बाई, जड त्या तू घे.' जड त्या पितळेच्या निघाल्या."

"मी तशी वाटते तुला?"

"तशीच आहेस," धाकटी म्हणाली. रागाने नाही, दूध नासलंय हे सांगावं तसं. "पण एक कबूल करते. भावताव तुला कळतो. थांब म्हणालीस, थांबले. आता तू ढकललंस तरी मी हलायची नाही."

आक्काचा हात टॉवेलवर गेला. टोक चिमटीत आलं. पाण्याचा एक थेंब टेबलाच्या कडेवरून खाली पडला. तिने टोक सोडलं, टॉवेलची सुरकुती सारखी केली.

बाहेर गाडी सुरू झाली. सून धावत दारात आली, सासूकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं आणि तिथेच थांबली. आवाज गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मोठ्या रस्त्याच्या गोंगाटात मिसळून गेला.

"गेला वाटतं," दाराची चौकट धरत धाकटी म्हणाली. "जाऊ दे. येईल परत, दुप्पट घेऊन. नाही का गं?"

"येईल," आक्का म्हणाली.

धाकटीची पावलं शेजारच्या ओसरीवर चढेपर्यंत ती हलली नाही. मग तिने अस्वलाचं डोकं मांडीवर घेतलं, मान उलटी केली आणि कात्री हाताशी असताना दोरा दातांनी तोडला.