तोंडी परीक्षेतला खोकला

“बाबा, आज तुमी मले ओळखत नाई अन् मी तुमाले.” विद्यापीठाच्या फाटकाच्या शंभर पावलं अलीकडे गाडीवरून उतरताना नीलमनं बजावलं. “नाईतं पोरी म्हनतीन, बापानं मार्क देल्ले.”

धर्मपालनं मान डोलावली. इंग्रजीच्या भाषा प्रयोगशाळेत बावीस वर्षं शिपाई म्हणून काढल्यावर माणसाला मान डोलावण्याची सवय होतेच. हेडफोन पुसायचे, काचेमागं बसून बटन दाबायचं आणि आवाज नीट येतो का, ते ऐकत राहायचं, एवढंच त्याचं काम. बावीस वर्षं रोज कानात इंग्रजी ओतलं तर दगडालाही थोडं समजेल. धर्मपालला बरंच समजे. पण बोलायची वेळ कधी आली नाही, म्हणून समजतं हे सांगायचीही आली नाही. घरातसुद्धा.

तोंडी परीक्षेत स्वतःची माहिती सांगायची असे. त्याचं एक छापील पान झेरॉक्सच्या दुकानात मिळे आणि झाडून सगळी पोरं तेच पाठ करत. त्या पानातले वडील डॉक्टर होते. त्यामुळे वरूडच्या संत्राबागांतून आणि चांदूर बाजारच्या शेतांतून दरवर्षी दोनेकशे डॉक्टरांची मुलं परीक्षेला येत, आणि परीक्षक मुकाट्यानं दहापैकी सात मार्क देत. नीलमसाठी ते पान धर्मपालनंच आणलं होतं. ‘डॉक्टर’ खोडावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण छापील मजकुरावर पेन चालवायचा धीर झाला नाही. आणि तिला आठ हवे होते. आठ पडले तर पुण्याच्या कंपनीच्या मुलाखतीला विभाग तिचं नाव पाठवणार होता.

यंदा परीक्षक नवीन होत्या, अकोल्याच्या जेबा मॅडम. त्यांच्या यादीत नावं नव्हती, नुसते आसन क्रमांक. सत्तेचाळीस नंबर आला आणि नीलमनं सगळं पान न अडखळता म्हटलं. काचेमागं धर्मपालचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पानात नसलेलं विचारलं. वडिलांचा दवाखाना कुठं आहे?

नीलमची नजर काचेकडं गेली, तिथं टिकली नाही. धर्मपाल मनातल्या मनात तिला गावं पुरवू लागला. अकोला सोडून कुठलंही सांग, पोरी.

नीलमनं इंग्रजीत सांगितलं, वडील वारले. मागच्या वर्षी.

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. घर कसं चालतं, त्यांनी विचारलं. आई शिवणकाम करते, रात्री तिची बोटं दुखतात, मी तेल लावून देते, असं नीलम सांगत गेली. चुकत, थांबत, पण स्वतःचं. एक बाप सोडला तर त्यातलं सगळं खरं होतं.

दुपारी विभागातल्या दुसऱ्या परीक्षक सरांनी रेकॉर्डिंग ऐकायचं, असा नियम. धर्मपालनं सत्तेचाळीस नंबर लावला. वडील वारल्याच्या वाक्यानंतर कोणीतरी खोकलं.

“हे कोण?” सरांनी विचारलं.

“इथले धर्मपालभाऊ,” जेबा मॅडम म्हणाल्या. “काचेमागं बसतात, त्यांचा माइक चालू राहिला असेल.”

“परीक्षेत आवाज करत जाऊ नका हो,” सर म्हणाले. “बिचारी, बाप गेल्यावरही किती धीरानं बोलते.” त्यांनी नऊ मार्क लिहिले.

मॅडमनी सहज विचारलं, इतकी वर्षं ऐकून भाऊंना काही कळतं का.

“नाई मॅडम. आमाले बटनं समजतात.”

संध्याकाळी घरी आईनं, सुंदराबाईनं, लेकीला परीक्षेचं विचारलं. बरी गेली, नीलम म्हणाली. नऊ मार्कांचं धर्मपाल बोलला नाही. निकाल फोडायचा नाही, हाही नियमच. तिघं जेवायला बसले. भाकरी मोडता मोडता, ताटातून वर न बघता नीलमनं विचारलं, “बाबा, आतमंदी तुमाले काई समजलं काय?”

“मले कायचं समजते इंग्रजी? आवाज मातर साफ आला तुहा.”

एवढं बोलून त्याला खोकला आला, सकाळी नीलमच्या हेडफोनमध्ये आला होता तसाच. नीलम उठली, पाणी घेऊन आली. त्यानं अर्धा ग्लास पिऊन खाली ठेवला. नीलम बसली नाही. उरलेलं पाणी तो पिईस्तोवर ती तशीच समोर उभी राहिली.