चकप कोण

साहेबांनी बोलावलं तेव्हा पूनमने चालता चालताच हिशेब मांडला. ज्या पोत्याची तक्रार आली ते बंद करणारा माणूस सापडला तर आपण प्रोग्रॅममध्ये लिहिलेली दोन फंक्शनं खरी ठरतील. ती खरी ठरली तर खिडकीतलं लेबलवाटप सुटेल आणि आत, पंख्याखाली, स्वतःची खुर्ची मिळेल, नेमणूकही कायमची. जमेच्या बाजूला एवढं सगळं होतं. खर्चाच्या बाजूला तिला काहीच दिसत नव्हतं.

टेबलावर लेबलाचा चुरगळलेला तुकडा पडला होता. त्यावर तारीख, आणि खाली तीन अक्षरं: चकप.

"घाला कॉम्प्युटरमध्ये," साहेब म्हणाले. "बघू माणूस निघतो का."

महाडच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात कपडे धुण्याची पावडर पोत्यांत भरत. पोतं ज्याने बंद केलं त्याचा नंबर पूर्वी लेबलावर तसाच छापत. पण नंबरांवरून कामगार किती ते व्यापाऱ्यांना कळतं, आणि मालकाला तेवढंही कळू द्यायचं नव्हतं. तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेल्या पूनमने प्रोग्रॅममध्ये दोन फंक्शनं लिहून दिली. एक नंबराची अक्षरं करायचं, दुसरं अक्षरांचा परत नंबर. पुसट लेबलावर घ आणि ध, भ आणि म सारखेच दिसतील, म्हणून ती अक्षरं तिने मुळातच घेतली नव्हती. सगळे नंबर पाठवून पाहिले. जो गेला तोच परत आला.

कामगारांनी मात्र जे झाकायचं त्याचीच नावं केली. त्यांच्यातली तुळसा डबा उघडताना हाक मारायची, "ए चकप, भाकरी हाय काय रे, का बायको रुसली?" आणि रामा निमूटपणे अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवायचा.

त्यामुळे साहेबांना कॉम्प्युटरकडून जे हवं होतं ते पूनमला तुकडा बघताच कळलं. तारीख बघितल्यावर त्याहून जास्त कळलं. शिमग्याचा दिवस होता तो.

त्या दिवशी रामा कारखान्यात नव्हताच. तो कापड्याला, पूनमच्याच गावात, आपल्या दारात पालखीची वाट बघत उभा होता. एरवी भाऊ असायचा. तो यंदा मुंबईला गेला होता आणि घरी आई एकटी. ग्रामदेवतेची पालखी दारात यावी आणि खांदा द्यायला घरचा पुरुष नसावा, हे म्हातारीला सोसलं नसतं. सुटी घ्यावी तर खाडा लागणार, आणि रामाचं नाव नेमकं कायम करायच्या यादीत पहिलं. तेव्हा शिमग्यात सगळे करतात तेच झालं. कुडपणच्या मुरारीने दोघांचं काम एकट्याने ओढलं. आपली पोती आपल्या लेबलाने, रामाच्या वाटची रामाच्या. हजेरी लेबलांवरूनच लागायची.

आणि ती लेबलं खिडकीतून दिली होती पूनमने. "रामाचीपण दे गो, तो हात धुतोय," मुरारी म्हणाला होता. हात धुवायला रामा थेट कापड्याला गेलाय हे ठाऊक असून तिने हसत हसत गठ्ठा पुढे केला होता.

दिवस कलताना मुरारीचे हात चालेनात. काही पोत्यांची तोंडं नीट चिकटली नाहीत. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही; पाऊस लागल्यावर व्यापाऱ्याच्या गोदामात त्या पावडरीचे दगड झाले.

कॉम्प्युटर जरा अडतोय, जेवणानंतर सांगते, असं साहेबांना सांगून पूनम मागच्या शेडकडे गेली. रामा आणि मुरारी डबे उघडून बसले होते. तिने सगळं सांगितलं.

"मी सांगतो सायबांना," मुरारी म्हणाला. पण इतकं हळू, की मागच्या पत्र्यालाही ऐकू जाऊ नये. त्याचं कचरणंही अगदी चुकीचं नव्हतं. घरी तीन पोरं होती, आणि यादीत रामाच्या खाली त्याचंच नाव होतं.

रामा भाकरीचे तुकडे करत राहिला. खाल्ला एकही नाही.

"तू सांगशील, मग सायब इचारतील लेबलं कोणी दिली. तू जाशील, मी जाईन, ही पोरपण जाईल. एकात भागतंय, तर तिघांनी कशाला?"

"पण रामाकाका, ती पोती तुम्ही बंद केलीच नव्हती."

"पालखी माझ्या दारात आली होती ना गो? मुरारीच्या नाय." तो जरासा हसला. "आय अजून येईल त्याला सांगते, रामाने खांदा दिला. जा, नंबर माझाच हाय."

जेवणानंतर पूनमने साहेबांसमोर तीन अक्षरं टाकली. नंबर आला, नंबराशेजारी नाव आलं. साहेब खूश झाले. रामाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, झालं असेल, दमलो होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नका म्हणून सांगितलं.

कारखान्याचं काही गेलं नाही. नुकसान कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून कापलं, ठेकेदाराने ते रामाच्या शेवटच्या पगारातून. मुरारी कायम झाला. पूनमला पंख्याखालची खुर्ची मिळाली. रिकामा झालेला नंबर नव्या माणसाला दिला तेव्हा तिने सवयीने तपासून पाहिला. गेला तोच परत आला. तुळसाने मात्र त्या माणसाला कधी चकप म्हणून हाक मारली नाही.

पुढच्या शिमग्याला मुरारी कुडपणला होता, भरपगारी सुटीवर. पूनम कापड्याला, तीही भरपगारी. पालखी रामाच्या दारात आली तेव्हा तो अंगण सारवून, अंघोळ करून, कधीचा उभा होता. त्याने खांदा दिला. यंदा त्याला कुणाला काही सांगून यावं लागलं नव्हतं.