मला वळायचंय, असं मी सांगत होतो

मी संघरत्नाच्या स्कूटरचा मागचा उजवा इंडिकेटर बोलतोय. बोलायची मला सवय नाही. तो मान हॉर्नचा, आणि भिवंडीत आल्यापासून त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. मला मात्र फुरसतच फुरसत आहे, म्हणून म्हटलं सांगून टाकू.

माझी पहिली तीन वर्षं देवरुखला गेली. काय ते दिवस! मी चारदा लुकलुकलो की मागची एसटी थांबायची. मागे फक्त एक म्हैस असली तरी संघरत्नाचा अंगठा माझ्या बटणावर जायचाच. म्हशीलाही कळायचं. मग संघरत्ना लग्न होऊन खारबावला सासरी आली, भिवंडीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी मिळाली, आणि तिच्या मागोमाग मीही टेम्पोत बसून आलो.

इथे आल्यावर मी चाटच पडलो. इथली रिक्षा वळते ती ड्रायव्हरच्या पायाने. डावा पाय बाहेर आला की डावीकडे, उजवा आला की उजवीकडे, आणि चप्पल नुसती हलली की 'बघू'. मानकोलीला एका कंटेनरने उजवा दिवा लावला, म्हणून संघरत्ना बिचारी मागे थांबली. कंटेनर काही वळला नाही, तिच्या पाठीमागे मात्र दहा हॉर्न सुरू झाले. काय चुकलं ते तिला कळेना.

ते नवव्या दिवशी कळलं. खारबावच्या फाट्यावर तिला उजवीकडे वळायचं होतं. मी जीव तोडून लुकलुकत होतो. ती वळली, आणि उजव्याच बाजूने एक मोटरसायकल घुसली ती थेट माझ्या अंगावर. संघरत्नाचं कोपर सोललं, माझी काच फुटली. मोटरसायकलवाला दीपेश, जवळच्याच गोदामात कामाला. उलट तोच तिच्यावर उखडला.

"मॅडम, उजवा लावला ना तुमी? म्हंजे साईड दिली. जा पुढं!"

"अहो, मला वळायचं होतं!"

"वळायचं तर हात दाखवायचा ना!"

जमलेल्या चारचौघांनी माना डोलावल्या. चूक तिची ठरली आणि खोटारडा मी. सांगा, याला काय म्हणावं?

घरी सासूबाई, पुतळाबाई, कोपराला हळद लावत म्हणाल्या, "दिवं कोन बघतं गं हितं? मी मागं बसतं, मी हात करीन." आणि खरंच, बाजाराला जाताना त्या पिशवीसकट हात बाहेर काढू लागल्या. पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावत. सगळा रस्ता थांबायचा. एका शेंगेला जो मान, तो मला नाही!

गॅरेजवाल्या कोंडूने तर हद्द केली. "नवीन कशाला, वहिनी? वापरतंय कोन? त्यापेक्षा हॉर्न मोठा टाकू." त्याने मला चिकटपट्टी गुंडाळली आणि हॉर्न मोठा टाकला.

बघता बघता संघरत्ना इथली झाली. सासूबाई मागे नसल्या की नुसती मान वाकडी करून वळायची. वर्षभर तिचा अंगठा माझ्याकडे फिरकला नाही.

परवा त्याच फाट्यावर पुढे एक स्कूटर होती. तिचा उजवा इंडिकेटर मनापासून लुकलुकत होता. मला कळलं, संघरत्नाला कळलं नाही. तिने हॉर्न दाबला, उजवीकडून घुसली, आणि पुढची मुलगी रस्त्यावर पडली. गुडघा फुटला होता.

"इंडिकेटर लावला होता हो मी," मुलगी रडत म्हणाली.

"अगं, वळायचं तर हात दाखवायचा ना!" संघरत्ना खेकसली.

मुलगी आमच्या नंबरप्लेटकडे बघत राहिली. "ताई, तुमची गाडी पण रत्नागिरीची? मी संगमेश्वरची. परवाच आलेय इथे."

संघरत्ना तिच्याजवळ खाली बसली. आपल्या ओढणीने तिने मुलीचा गुडघा बांधला.

आणि आज, आत्ता, पुन्हा तोच फाटा आलाय. वर्षाने तिचा अंगठा माझ्या बटणावर आलाय. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! तिच्या डोळ्यांसमोर मीटरवरचा हिरवा बाण लुकलुकला. तिला वाटलं, झालं काम. पण चिकटपट्टीतून पाणी शिरून माझी तार केव्हाच गंजलीय. मी पेटलेलोच नाही. मागून कंटेनर येतोय, आणि ही देवरुखची पोर माझ्या भरवशावर वळायला लागलीय.

संघरत्ना, अगं बाई, माझं सोड! हात दाखव, हात!