जिथं बस जात नाही

बँकवाल्यांच्या बाल्कनीतल्या शेवटच्या कुंडीवर झारी रिकामी होत आली, तेवढ्यात चावीमावशीच्या खिशातला फोन थरथरला. धाकटी बहीण होती.

"ताई, संध्याकाळपर्यंत काय ते सांग," धाकटी म्हणाली. "सहलीतली माझ्या मैत्रिणीची जागा रिकामी झालीय. तू नाही आलीस तर माझी नणंद येणार, आणि मग सबंध इटलीभर मला तिच्या घोरण्याशेजारी झोपावं लागणार."

मावशी हसली. संध्याकाळी सांगते, म्हणाली. खरं तर सांगायचं ते ठरलेलंच होतं. होकार कालपासून जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. फक्त परक्याच्या घरात उभं राहून तो उच्चारू नये, एवढंच तिला वाटलं. आपल्या घरी, आपल्या माणसाच्या समोर बसून सांगावा.

चावीमावशी हे नाव इमारतीनेच तिला दिलेलं. तळमजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत खिडकीशी शिलाईमशीन होतं. सुट्ट्या जवळ आल्या की लोक आधी पँटची उंची कमी करायला, पिशवीची बिघडलेली चेन बदलायला तिच्याकडे येत, आणि कपडे घेऊन जाताना घराची चावी ठेवून जात. मग कुणाच्या झाडांना पाणी, कुणाच्या माशांना खाणं, कुणाच्या रुसलेल्या मांजराची समजूत. माणसं परत आली की उन्हाने काळवंडलेल्या, हसऱ्या तोंडाने तिच्या हातावर फ्रिजला चिकटवायचं एक चुंबक ठेवत. पिरॅमिड, झुकता मनोरा, नायगराचा धबधबा, गळ्यात घंटा बांधलेली स्वित्झर्लंडची गाय. मावशी दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा दाराबरोबर अर्धी पृथ्वी हलायची. देवाने एवढा पसारा मांडला तो बघायलाच ना, असं तिच्या मनात यायचं. आणि आपल्याला डोळे दोन दिले ते मात्र सुईच्या नाकापुरते.

तिच्या यजमानांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. कारखाना ते वसाहत आणि वसाहत ते कारखाना, एवढ्याच रस्त्यावर त्यांनी उभा जन्म कामगारांची बस चालवली. निवृत्त झालो की तुला जग दाखवतो, असं ते लग्नापासून सांगत आले होते. निवृत्त झाले, आणि त्यांच्या डोक्यातला रस्ताच पुसट होत गेला. एका पहाटे घरातून नाहीसे झाले ते बंद पडलेल्या डेपोच्या फाटकाशी सापडले. माझी गाडी बाहेर काढू देत नाहीस म्हणून रखवालदाराशी हुज्जत घालत होते. त्या दिवसापासून मावशी घराबाहेर पडताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागली. लावताना रोज एकच वाक्य बजावायची, "मी आल्याशिवाय कुणालाही दार उघडायचं नाही हं." काका शहाण्या मुलासारखी मान हलवायचे.

संध्याकाळी मात्र दोघं फ्रिजसमोर खुर्च्या टाकून बसत. काका एकेका चुंबकाकडे बोट करून विचारत आणि मावशी शेजाऱ्यांकडून ऐकलेलं सांगे. पिरॅमिडपाशी ऊन फार, मनोऱ्याच्या वर जायला जिना गोल. काकांचा जीव अडकला होता तो व्हेनिसच्या काळ्या नावेत. रस्त्याऐवजी पाणी असलेलं गाव त्यांच्या काही केल्या पचनी पडत नसे.

"मग बस वळवायची कुठं?" ते रोज विचारत.

"तिथं बस जातच नाही."

"याला गाव म्हणायचं का काय," काका म्हणत आणि पोटभर हसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच हसू.

धाकटीने ताईचा पासपोर्ट आणि त्यावरचे व्हिसाचे शिक्के स्वतःबरोबरच उरकून घेतले होते. म्हणाली, वेळ काही सांगून येत नाही. बँकवालीने दिलेला जुना कोट मावशीने उसवून आपल्या मापाचा केला होता. सहज करतेय असं स्वतःलाच सांगत केला, पण टाके असे घातले की जणू कुणी परीक्षा घेणार होतं. काकांसाठी तिने एक शुश्रूषागृहही पाहून ठेवलं होतं. स्वच्छ होतं. तिथली बाई बोलायला गोड होती आणि दारांच्या चाव्या तिच्या कमरेला होत्या. मावशीने मनाशी हिशेब मांडला: कुलूप इथंही आहे, तिथंही आहे. लावणारा हात कुणाचा, याने त्यांना आता काय फरक पडणार? देवा, एवढं एकदाच. एवढंच मागते.

झारी आणि चाव्यांचा जुडगा घेऊन ती जिना उतरली. सुट्टीमुळे इमारत ओस पडलेली. तिने आपल्या दाराचं कुलूप काढलं, दार ढकललं. दार हललं नाही.

लोखंडी पत्र्याचं जुनं दार. आत एक कडी होती, पण ती रंगाने जाम होऊन बसली होती. ती लागते हेच मावशी विसरून गेली होती. तिने खांदा लावला. आतून कुणीतरी खाकरलं.

"अहो, कडी काढा," मावशी म्हणाली. तिने दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी बडवलं. आत गॅस होता, कात्री होती, इस्त्री होती. "अहो! दार उघडा! मी आहे!"

"कोण मी?"

"मी! तुमची बायको!"

"खोटं बोलू नका बाई," काका आतून शांतपणे म्हणाले. "माझी बायको कधी ओरडत नाही."

मावशीचा हात दारावरच थांबला. साऱ्या इमारतीच्या चाव्या तिच्या दुसऱ्या हातात होत्या. कुणाच्याही घरात ती शिरू शकत होती, आपलं तेवढं सोडून.

"ती घरात नाही," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज दाराच्या अगदी जवळून येत होता; बहुधा खुर्ची ओढून बसले होते. "फिरायला गेलीय. लांब. आता धबधब्यापाशी असेल. नाहीतर त्या गायीपाशी. तुम्ही नंतर या."

मावशी पायरीवर टेकली. पत्र्याला कान लावला. मग परक्या बाईने विचारावं तसं तिने विचारलं, "एकटीच गेली?"

"मग काय करणार? मी नेतो नेतो म्हणालो, माझ्याच्याने झालं नाही. मीच तिला कोंडून ठेवलं हो. तिने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. म्हटलं, जाऊ दे. बघू दे पोटभर."

मावशीने डोळे पुसले. असं वाटलं, हा देवाचाच कौल. ज्या माणसापायी पाय अडले होते, तोच आतून जा म्हणतोय. फोन काढावा आणि आत्ताच धाकटीला हो म्हणून टाकावं.

"मग तुम्ही आता काय करणार?" तिने विचारलं.

"काय म्हणजे? बसलोय."

"जेवलात का?"

"ती आल्यावर."

"तिला फार दिवस लागले तर?"

"लागू देत की," काका म्हणाले. "मी इथनं उठणार नाही. ती आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं सांगून गेलीय."

मावशीच्या डोळ्यांसमोर ते स्वच्छ शुश्रूषागृह आलं. तिथली गोड बोलणारी बाई आली, तिच्या हातातलं ताट आलं, आणि ताटाकडे न बघता दाराशी खुर्ची टाकून बसलेला हा माणूस आला. हिशेब तिनेच मांडला होता. फरक कुठं पडतो तेही आता तिला दिसलं.

ती उठली. एकदा खाकरून घसा साफ केला आणि रोज फ्रिजसमोर बसून बोलायची त्या हळू आवाजात म्हणाली, "अहो. आले मी."

खुर्ची करकरली. "कुठं होतीस?"

"त्या पाण्यातल्या गावात."

"रस्ते कसे आहेत?"

"कसले रस्ते? पाणीच सगळीकडं. दाराशी नाव येते, बसायचं आणि जायचं. घरांच्या भिंतींवर ओल आहे, पण खिडक्यांत फुलं आहेत." जिन्यात उभी राहून मावशी सांगत होती आणि तिच्या समोर पोपडे धरलेलं दार होतं. "दिवे लागले की पाण्यात पण लागतात."

"आणि बस?"

"बस जातच नाही तिथं."

आतून हसू आलं. मग कडीशी झटापट, एक शिवी, पुन्हा झटापट, आणि दार उघडलं.

"आलीस?" काका म्हणाले. "दमली असशील." तिच्या हातातली झारी त्यांनी काढून घेतली आणि जड सामान उतरवावं तशी दोन्ही हातांनी भिंतीशी ठेवली. "सामान एवढंच?"

"एवढंच."

दार लावायला ती वळली आणि तिला दिसलं, फ्रिजवरची सगळी चुंबकं दाराच्या आतल्या बाजूला आली होती. पिरॅमिड, मनोरा, धबधबा, गाय. एकामागून एक, वाकडीतिकडी, एखाद्या गाडीचे थांबे असावेत तशी ओळीने. सगळ्यांत शेवटी, कडीच्या अगदी शेजारी, काळी नाव.

जेवायला वाढून झाल्यावर फोन वाजला.

"नणंदेलाच घे," मावशी म्हणाली. "कानात कापूस घाल."

"ताई, असं काय गं? पुन्हा अशी संधी नाही यायची."

"हो ना."

धाकटी आणखीही काही बोलत राहिली. मावशी ऐकत होती आणि काकांच्या ताटात भात सरकवत होती.

काका झोपल्यावर तिने मशीनच्या खणातून पेचकस काढला. कडीचे स्क्रू गंजलेले होते; एकेकाला तेल सोडून, खांदा लावून तिने फिरवले. कडी हातात आली. तिच्या जागी दारात चार भोकं राहिली, बाहेरच्या जिन्यातला दिवा त्यांतून आत दिसू लागला. मावशीने चुंबकं एकेक करून फ्रिजवर परत नेली. शेवटची नाव उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि त्या भोकांवर चिकटवून टाकली.