गरुडाखालची फुली

मतदानाच्या दिवशी केझाया म्हातारी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेत नसे. आधी मत, मग अन्न. बायकांना मताचा हक्क मिळाला तेव्हापासूनचा हा तिचा नेम. तिच्या मुलाने, थॅडियसने, त्याचा अर्थ कधीच आपल्या मनाशी लावून टाकला होता: आईचा हा उपास लिंकनच्या पक्षासाठी आहे, आणि बाबांसाठी आहे. त्याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

गुलामांना मुक्त करणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणजे रिपब्लिकन. इंडियानात मतपत्रिकेवर त्याचं चिन्ह गरुड, आणि डेमोक्रॅटांचं कोंबडा. चिन्हाखालच्या गोलात निळ्या पेन्सिलीने एक फुली मारली की त्या पक्षाच्या वरपासून खालपर्यंत सगळ्यांना मत. अक्षरओळख नसली तरी अडत नसे. थॅडियस गॅड्सनने मिसरूड फुटल्यापासून कोंबड्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नव्हतं.

कारण तसंच होतं. तो दोन वर्षांचा असताना, १८७६ साली, दक्षिण कॅरोलायनात त्याचा बाप प्रायमस मत द्यायला निघाला आणि काळ्या माणसाने मत देऊ नये म्हणून वाटेत टपलेल्या लाल सदरेवाल्या डेमोक्रॅटांनी त्याला गोळी घातली. आईने पुढे पोराला उचललं आणि उत्तरेची वाट धरली. बापाचा चेहरा काही थॅडियसला आठवत नव्हता. दिवाणखान्यातल्या लिंकनच्या तसबिरीकडे बघून तो बापाची आठवण काढायचा. हसू नका, आमच्या आळीत अशी घरं पुष्कळ होती.

पण १९३६च्या त्या नोव्हेंबरात त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याची पोरगी व्हर्लीन सरकारी शिवणशाळेत कामाला होती, आणि ती शाळा बेकारांना काम मिळावं म्हणून कोंबडेवाल्यांच्या सरकारने काढलेली. तिचा नवरा बेकार, पदरात दोन लेकरं. घरातली चूल तिच्या शिलाईवर पेटत होती.

आदल्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. गरुड निवडून आला तर आमची मशीनं दुसऱ्या दिवशी बंद होतील. मग लिंकनची तसबीर उकळून घालू का पोरांना?"

"हळू बोल. आजी ऐकेल."

"ऐकू दे की. काय दिलं हो तुमच्या पक्षाने? कोर्टात झाडू मारायची नोकरी! आणि त्या चादरवाल्यांचा मोर्चा विसरलात?"

तो कसा विसरेल? बारा वर्षांपूर्वी काळ्यांच्या जिवावर उठलेली, पांढऱ्या चादरी पांघरलेली गोरी माणसं याच रस्त्याने गेली होती, आणि त्यातले कितीतरी गरुडवाल्यांच्याच सभांना पुढच्या रांगेत बसणारे. थॅडियसने तेव्हा पडदे ओढून घेतले, आणि नोव्हेंबरात मुकाट्याने गरुडालाच मत दिलं. कोंबडेवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? दक्षिणेत त्यांचे भाऊबंद अजून काळ्या माणसाला मतपेटीच्या आसपास फिरकू देत नव्हते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पोरांना तर रोज भूक लागते.

"बरं," तो शेवटी म्हणाला होता. "कोंबडा. तुझ्यासाठी. पण आजीला कळता कामा नये. ती हाय खाऊन मरेल."

व्हर्लीनने त्याच्या गालाचा मुका घेतला होता, लहानपणी घ्यायची तसा.

सकाळी आईचा हात धरून तो निघाला. मतदान आगीच्या बंबखान्यात होतं. दारापासून ठरलेल्या अंतरावर डीकन पिंकनी उभा होता, चर्चमधला मोठा माणूस आणि आमच्या आळीत गरुडाची मतं गोळा करणारा. थॅडियसला कोर्टातली नोकरी त्यानेच लावून दिलेली.

"या, या गॅड्सन! अम्मा, तब्येत काय म्हणतेय?" मग तो थॅडियसच्या कानाशी आला. "यंदा वारं बरोबर नाही बाबा. पोरंसोरं बहकलीत. तुझ्या घरचं पक्कं ना? झाडू काही कुणाच्या हाताला चिकटवलेला नसतो."

"पक्कं, डीकन," थॅडियस म्हणाला. कालपासूनचं हे त्याचं दुसरं वचन, आणि दोन्ही एकदम पाळता येणार नव्हती.

आईला बाकावर बसवून तो आधी आत गेला. पडदा ओढला. फळीवर मतपत्रिका पसरली, पेन्सिल उचलली आणि कोंबड्याखाली टेकवली. पडद्याबाहेर आईचं खोकणं ऐकू आलं. उपाशीपोटी खोकत होती म्हातारी. त्याला वाटलं, आपण इथे फुली मारतोय आणि ती बाहेर त्या माणसासाठी उपाशी बसलीय, ज्याला या कोंबडेवाल्यांनीच मारलं. पेन्सिल उचलली गेली. कधी सरकली त्याचं त्यालाच कळलं नाही. फुली गरुडाखाली पडली होती. त्याने कागद घडी घालून पेटीत टाकला. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच व्हर्लीनचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

आता आईची पाळी. यंदा मोतीबिंदूने तिला चिन्हं दिसेनाशी झाली होती. अशा मतदाराला दोन्ही पक्षांचे दोन कारकून आत नेतात आणि तो सांगेल तिथे फुली मारून देतात. गुपचूपच चालायचं ते. पण म्हातारीला ऐकू कमी यायचं, आणि कमी ऐकणारी माणसं गुपितंही ओरडून सांगतात.

"कोंबड्याखाली मारा!" पडद्यामागून तिचा आवाज आला. "हो हो, कोंबडाच म्हटलं मी! माझी नात शिवते तिथे. ऐकू येतंय ना तुम्हाला?"

बंबखान्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. थॅडियसच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर पिंकनीपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती.

"म्हातारी फिरली म्हणतात," तो दात आवळून म्हणाला. "तू तरी ताळ्यावर आहेस ना?"

"गरुड, डीकन. देवाशपथ."

पिंकनीने त्याची पाठ थोपटली. थॅडियस खरं बोलला होता, तरी खोटी साक्ष दिल्यासारखं त्याचं तोंड कडू झालं.

घरी त्याने तिच्यापुढे मक्याच्या कण्यांची वाफाळती वाटी ठेवली, वर लोण्याचा गोळा, आणि एक स्वतःपुढे. तिने चमचा चाचपून हातात घेतला.

"तुझी फुली कुठे पडली रे?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला त्याचा चेहराही नीट दिसत नव्हता. पण या बाईशी तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"गरुडाखाली."

"का? व्हर्लीन तर सांगत होती, बाबा कबूल झालेत म्हणून."

"तुझ्यासाठी आई. तू उपाशी बसली होतीस. बाबांसाठी."

म्हातारीने चमचा परत खाली ठेवला. कण्यांवर लोणी वितळत गेलं.

"तुझा बाप सकाळी निघाला तेव्हा काही खाऊन गेला नव्हता," ती म्हणाली. "मी कण्या शिजवल्या होत्या. म्हणाला, 'केझाया, आधी मत देऊन येतो, मग दोघं बसून खाऊ.' मी जेवायची थांबले. त्याच्यासाठी थांबते मी अजून. गरुडासाठी कशाला उपाशी राहू? गरुडाने काय केलं माझं?"

"पण त्याला मारलं ते तर..."

"कुणी मारलं ते मला सांगतोस होय रे? मी पाहिलंय त्यांना." तिचा आवाज फाटला. "त्यांना तो कुठे फुली मारतो याचं भय नव्हतं. तो फुली मारतो याचंच भय होतं. चाळीस वर्षं माझ्या नावाने मत देतोयस. एकदा तरी विचारायचंस मला."

थॅडियसला रडू आलं. त्याने ते आवरलंही नाही.

"आई, पोरीला काय सांगू मी?"

"मला काय विचारतोस? संध्याकाळी येईल ती, तुझा मुका घ्यायला. तूच सांग."

आणि म्हातारी खाऊ लागली. त्याच्यापुढची वाटी तशीच निवत राहिली.