आनंदीबाईंचा जबाब

“हात सैल सोडा मावशी, सलाईन लावायचंय,” नर्स म्हणाली. आनंदीबाईंनी हात दिला आणि दुसऱ्या हातानं तिचंच मनगट धरून पाहिलं.

“तुजं माप दोन-चार हाय. दोन-सहा घालतेस, मनून बांगड्या उतरतात.”

उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलेली बाई दुसरीच्याच बांगड्यांची चौकशी करते, याचं नर्सला हसू आलं.

नवरा गेल्यापासून, म्हणजे तीस वर्षं, आनंदीबाई डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन कशेळ्याहून डोंगरातल्या वाड्यांवर जात. त्या सकाळीही निघाल्या होत्या. वळणावर मागून गजाच्या भाजीच्या टेंपोनं त्यांना उडवलं. टोपलीतल्या साऱ्या काचेचा चुरा झाला. गजानंच त्यांना उचललं, गवारीच्या पोत्यांवर निजवलं आणि कर्जतच्या दवाखान्यात आणलं.

पोलीस जबाब घ्यायला येण्याआधी तो खाटेशी येऊन वाकला. “मावशे, मोटरसायकलनं ठोकलं म्हन. नंबर दिसला नाय म्हन. टेंपोचा इमा संपलाय.”

“कदी संपला?”

“गनपतीत.”

“आता होळी आली रं.”

तेवढ्यात हवालदार आले.

“गजाच्या टेंपोनं मागून ठोकलं,” आनंदीबाई म्हणाल्या. “मी डांबर सोडून, कडंच्या मातीतून चालले हुते. लिवलं? आता हे बी लिवा, तो पळून गेला नाय. त्यानंच उचलून आनलं.”

“ते लिहायची गरज नाही, बाई.”

“झालं ते सगळं लिवा. अर्दंच लिवनार असाल तर मी सही नाय करत.”

हवालदारांनी सगळं लिहिलं. टेंपो पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन उभा राहिला.

कर्जतच्या कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो, हे नर्सनंच सांगितलं. आनंदीबाई प्लास्टर घेऊन घरी आल्या, त्याच आठवड्यात समीक्षा नावाची तरुण वकील स्कूटरवरून कशेळ्याला आली.

“विमा नसला म्हणून तुमचा हक्क जात नाही,” ती म्हणाली. “भरपाई मालकानं स्वतः द्यायची. सहा महिन्यांच्या आत दावा लावू. दवाखान्याचा एकही कागद टाकू नका. आणि घरी येऊन कुणी कशावर सही मागितली, तर करू नका.”

“टेंपो तिथंच सडनार?”

“भरपाईची हमी दिली की कोर्ट सोडेल. नाही दिली, तर पुढे लिलाव होऊ शकतो.”

सही मागायला गजाच आला. सोबत बायको अक्षदा, तिच्या हातात वरण-भाताचा डबा, त्याच्या हातात थोड्या नोटा आणि स्टॅम्प पेपर. माझी काही तक्रार नाही, असं त्यावर आधीच छापलेलं होतं.

आनंदीबाईंनी डबा घेतला. कागद वाचून परत केला.

“पाय मंजी माजं दुकान हाय, गजा. त्याचं किती मोडलं ते डाक्टर सांगंल. तू नाय ठरवायचं, मी बी नाय.”

“आनि माजा टेंपो? ते बी दुकानच हाय ना.”

आनंदीबाईंनी अक्षदाकडे पाहिलं. तिचा लग्नचुडा त्यांनीच भरला होता. पोरगी खाली मान घालून उभी होती.

“हाय ना,” त्या म्हणाल्या. “मनूनच सांगते, कोर्टात हमी दे आनि सोडव. तुजा भाऊ जमीनवाला हाय, त्याला जामीन घाल. आनि आदी इमा काढ.”

गजा तणतणत गेला. बाजारात त्यानं म्हातारीला नावं ठेवली, ती तिच्यापर्यंत पोचलीही. पण पंधरा दिवसांत टेंपो भावाच्या हमीवर सुटला. अक्षदा डबा आणत राहिली. नवऱ्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

पुढच्या वर्षी प्रकरण लोकअदालतीत गेलं. “चूक माजीच हाय साहेब, पन एकदम नाय जमनार,” गजा म्हणाला. समीक्षानं आनंदीबाईंकडे पाहिलं. त्यांनी हप्त्यांना मान हलवली, पण सगळं कोर्टाच्या कागदावर आल्यावरच सही केली. सही मोठी, सगळ्या काना-मात्रांसकट.

बाहेर गजा टेंपोपाशी घुटमळत होता. “घरी कशी जानार, मावशे?”

“इमा दाखव आदी.”

त्यानं मोबाइल काढून दाखवला. त्यांनी हात लांब करून तो तारखेसकट वाचला, काठी त्याच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या.

पाय जुळला, पण बोटभर आखूडच राहिला. आता त्या कशेळ्याच्या बाजारात वडाखाली बसतात. वाड्यांवरच्या बायका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून खाली येतात आणि आनंदीबाईंच्या गप्पांत त्यांची परतीची जीप हमखास चुकते.

परवा सगळ्यात वरच्या वाडीची धोंडूबाई आली. आनंदीबाईंनी तिचा हात मांडीवर घेतला, बोटं दाबून मऊ केली.

“ओढ्यावर साकव झाला गं,” धोंडूबाई म्हणाली. “आता पावसात बी कोरड्या पायानं येता येतं.”

तो ओढा आनंदीबाईंनी तीस वर्षं टोपली सांभाळत पाण्यातून ओलांडला होता. त्यांनी डोंगराकडे पाहिलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “हिरव्या घालू का लाल?”